नायट्रस की टर्बो? आधी सेकंद मोज

प्रश्न असा आला आहे: "काका, माझी २०१५ ची होंडा सिटी आय-व्हीटेक आहे. पेट्रोल, मॅन्युअल, ८२ हजार किलोमीटर. रोज गंगापूर रोडवरून अंबडला ड्युटीला जातो, महिन्यातून दोन-तीनदा मुंबई. वर्षातून एकदा मित्रांबरोबर ड्रॅगला, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीला, उतरायचं आहे. बजेट अडीच लाख. कोणी म्हणतं नायट्रस टाक, स्वस्तात पन्नास एचपी मिळतील. कोणी म्हणतं टर्बो बसव, कोणी सुपरचार्जर. तुम्ही काय सांगाल?"

काका म्हणालास म्हणून अरे-तुरे करतो. सातपूरच्या आयटीआयमधून बाहेर पडलो त्याला सत्तावीस वर्षं झाली. आधी डिझेलचे पंप आणि नोजल, मग पेट्रोल इंजिनं आणि गेली पंधरा वर्षं रॅली-ड्रॅगच्या गाड्या. उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचशील. या गाडीत, या वापरासाठी, यातलं काहीच घालू नकोस. पण नुसतं "नको" म्हणून मी गप्प बसलो तर तू उद्या दुसऱ्या गॅरेजला जाशील आणि तिथे तुला "हो" म्हणणारा भेटेल. म्हणून का नको आणि कुठे हवं, ते सविस्तर लिहितो.

इंजिनात पेट्रोल जास्त ओतणं सोपं आहे. मोठे इंजेक्टर लावले की झालं. अडतं ते हवेपाशी. दीड लिटरचं इंजिन दोन फेऱ्यांत फार तर दीड लिटर हवा ओढणार आणि त्या हवेत जेवढा ऑक्सिजन तेवढंच पेट्रोल जळणार. ताकद वाढवायची म्हणजे सिलिंडरमध्ये ऑक्सिजन जास्त कोंबायचा. टर्बो आणि सुपरचार्जर बाहेरची हवा दाबून आत भरतात. नायट्रस तोच ऑक्सिजन बाटलीतून आणतो. मूळ काम एकच आहे, फरक पुढे सुरू होतो.

आपल्या नाशिकचं एक आधी लक्षात घे. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सहा-सात टक्के कमी. तुझ्या सिटीचे कागदावरचे ११९ पीएस इथे ११० ते १११ च्या आसपासच भरतात. गिऱ्हाईक नेहमी म्हणतं, "कसारा उतरलो की गाडी मोकळी होते." त्याला भास होत नाही. खाली हवा खरोखरच दाट आहे. उंचीवरचा हा तोटा टर्बो भरून काढतो. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस या इंजिनिअरने लिबर्टी नावाचं विमानाचं इंजिन पाइक्स पीक डोंगराच्या माथ्यावर, ४,३०० मीटरवर नेलं होतं. खाली ३५० एचपी देणारं ते इंजिन वर जेमतेम २३० वर आलं आणि टर्बो लावल्यावर त्याच माथ्यावर ३५६ एचपी देऊ लागलं. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरचं टर्बोचं पेटंट तर १९०५ चं. म्हणजे ही शंभर वर्षांहून जुनी, घासूनपुसून तयार झालेली विद्या आहे. नायट्रसही काही कालचं नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानं फार उंचीवर, जिथे त्यांच्या सुपरचार्जरचा श्वास संपायचा, तिथे इंजिनात नायट्रस फवारायची. मोजकाच साठा न्यायचा, गरज पडेल तेव्हाच वापरायचा. नायट्रसचा स्वभाव तेव्हापासून आजवर तोच आहे.

आता नायट्रस जवळून बघ. नायट्रस ऑक्साइडच्या वजनात ३६ टक्के ऑक्सिजन असतो, हवेच्या वजनात २३ टक्के. सिलिंडरमध्ये तापमान ३०० अंशांच्या आसपास गेलं की तो फुटतो आणि ऑक्सिजन मोकळा होतो. बाटलीतून द्रव रूपात येतो आणि नोजलमधून बाहेर पडताच उकळतो. त्याचा उत्कलनबिंदू उणे ८८ अंश, त्यामुळे आत जाणारी हवा गारठते आणि गार हवा आणखी दाट होते. हे सगळं टर्बोच्या अगदी उलट आहे, टर्बो हवा तापवतो. म्हणून कागदावर नायट्रस फार देखणा दिसतो. वजन कमी, पाइपिंग थोडं, बटण दाबलं की ताकद हजर, नाही दाबलं तर गाडी मूळची तशी.

तुला ज्याने "पन्नासचा शॉट", म्हणजे पन्नास एचपी जादा देणारा नायट्रसचा फवारा, सुचवला त्याने पुढचा हिशोब बहुधा सांगितला नसेल. नायट्रसचा जेट, म्हणजे नोजलमधलं बारीक छिद्र, सेकंदाला ठरलेलं वजन सोडतो. इंजिन ३,००० आरपीएमवर आहे की ६,००० वर, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ६,००० वर ते वजन जेवढ्या स्फोटांत वाटलं जातं, ३,००० वर त्याच्या निम्म्या स्फोटांत वाटलं जातं. म्हणजे प्रत्येक स्फोटाच्या वाट्याला दुप्पट. पन्नास एचपीचा टॉर्कमध्ये हिशोब केला तर ६,००० आरपीएमला तो सुमारे ६० न्यूटन-मीटर येतो, ३,००० ला सुमारे १२०. तुझ्या इंजिनाचा सगळ्यात जास्त टॉर्कच १४५, तोही ४,६०० ला. म्हणजे चौथ्या गिअरमध्ये, खालच्या आरपीएमला, ओव्हरटेक करताना कोणी बटण दाबलं तर कनेक्टिंग रॉडवर जवळपास दुप्पट भार एका क्षणात येतो. रॉड वाकतात ते असे. जास्त आरपीएमने वाकतात असं लोकांना वाटतं, पण नायट्रसच्या गाड्यांत मी वाकलेले रॉड पाहिले ते सगळे खालच्या आरपीएमला दिलेल्या शॉटचे. म्हणून नायट्रस फक्त पूर्ण अ‍ॅक्सिलेटरला आणि साडेतीन हजारांच्या वरच सुरू व्हायला हवा. त्यासाठी आरपीएमची खिडकी ठरवणारा विंडो स्विच असतो. तो नसलेलं किट मी हातात घेत नाही.

दुसरी गोष्ट नाशिकच्या हवामानाची. नायट्रसचा क्रांतिक तापमानबिंदू ३६.४ अंश सेल्सिअस आहे. त्याच्या वर बाटलीत द्रव आणि वायू असा भेदच उरत नाही. जेटची मापं ठरलेली असतात ती बाटलीचा दाब ९०० ते १,००० पीएसआयच्या दरम्यान धरून. हा दाब बाटली साधारण ३० ते ३४ अंशांवर असली की मिळतो. आता आपल्याकडचं वर्ष आठव. निफाडची जानेवारीतली पहाट सोड, शहरातसुद्धा सकाळी दहा-बारा अंश असतात. त्या वेळी बाटलीत सहाशेच्या आसपास पीएसआय. नायट्रस कमी येतो, पेट्रोल ठरल्याएवढं येतं, गाडी काळा धूर काढून मंद पडते. त्याने नुकसान फारसं होत नाही. मे महिन्यात मात्र कंपनीच्या पार्किंगमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत पन्नासच्या वर तापमान सहज जातं. दाब ठरल्यापेक्षा कितीतरी वर, नायट्रस जास्त, पेट्रोल तेवढंच. मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, आणि लीन झालेलं मिश्रण पिस्टन खातं. शिवाय बाटली वजनापेक्षा जास्त भरलेली असेल तर उन्हात तिचा दाब झपाट्याने चढतो आणि सुरक्षेची चकती फुटून सगळा गॅस डिकीत मोकळा होतो. हा गॅस भूल द्यायला वापरतात, हे तुला माहीत असेल. बंद गाडीत तो श्वासातला ऑक्सिजन ढकलून देतो. रोजच्या गाडीच्या डिकीत, मागच्या सीटवर आई-वडील किंवा पोरं बसणार असताना, ही बाटली ठेवायची कल्पना मला सहन होत नाही.

एक माझ्या हातून झालेली चूक सांगतो. बरीच वर्षं झाली. एका मुलाची जुनी सिटी, १.५ व्हीटेकवाली, ड्रॅगसाठी आणली होती. वेट किट, म्हणजे नायट्रसबरोबर जादा पेट्रोलही नोजलमधूनच येतं. पन्नासचा जेट. ठिणगीचं टायमिंग दोन अंश मागे घेतलं, प्लग एक नंबर थंड घातले, विंडो स्विच लावला. कॉम्प्रेशन बघितलं, चारही सिलिंडर एकसारखे. पहिला रन सुंदर गेला. दुसऱ्या रनला तिसऱ्या गिअरमध्ये वर जाताना आवाज बदलला, बारीक टकटक, मग गाडी लंगडी झाली. तिथेच धावपट्टीच्या कडेला प्लग काढले. पहिला, दुसरा, चौथा ठीक. तिसऱ्याचं पांढरं पोर्सलिन हातात धरून उन्हाकडे केलं तर त्याच्यावर मोहरीपेक्षा बारीक, चकचकीत कण चिकटलेले. ते अ‍ॅल्युमिनियम होतं. पिस्टन वितळून प्लगवर उडालं होतं. प्लगचा वरचा पत्रा टोकाला निळा पडून गोल झाला होता. नाशिकला येऊन इंजिन उघडलं तर तिसऱ्या पिस्टनचा रिंगांमधला भाग तुटलेला आणि बोअरवर उभा ओरखडा. कारण शोधायला दोन दिवस गेले. पेट्रोलचा फिल्टर. पंप नवा टाकला होता, फिल्टर जुनाच ठेवला होता. साध्या चालवण्यात तो पुरत होता, नायट्रसच्या वेळी दाब पडत होता. पेट्रोलचा दाब पडला तर नायट्रस आपोआप बंद करणारा स्विच असतो, तो मी "पुढच्या वेळी लावू" म्हणून सोडला होता. त्या पोराचं इंजिन मी माझ्या पैशाने बांधून दिलं, पण त्याचा हंगाम गेला. तेव्हापासून तो स्विच लावल्याशिवाय मी नायट्रसची लाइन उघडत नाही.

टर्बोची अडचण वेगळी आहे. तो घाई करत नाही, पण उष्णता साठवत जातो. मेमधल्या दुपारी हवा ३५ अंश धर आणि फक्त अर्धा बार बूस्ट, म्हणजे टर्बोचा जादा दाब. एवढी दाबली तरी टर्बोतून बाहेर पडणारी हवा ९० अंशांच्या जवळ असते. इंटरकूलर चांगला असेल तर ती पन्नासवर येते, लहान किंवा चुकीच्या जागी बसवलेला असेल तर सत्तरच्या खाली येत नाही. गरम हवा सिलिंडरमध्ये आणखी दाबली गेली की प्लगने ठिणगी दिल्यावर उरलेलं मिश्रण आपलं आपण पेटतं. आपण ज्याला नॉकिंग म्हणतो ते हेच. तुझ्या सिटीचं कॉम्प्रेशन १०.३ ला १ आहे. बूस्ट नसताना हे मायलेजसाठी उत्तम. बूस्टसाठी ते चढं आहे, म्हणजे ०.३ ते ०.४ बारच्या पुढे जायचं तर पिस्टन बदलावे लागतात. ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलने थोडी मोकळीक मिळते. इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनवालं एक्सपी १०० डिसेंबर २०२० पासून आलं आहे, पण ते प्रत्येक पंपावर मिळत नाही. ज्या पेट्रोलवर गाडी ट्यून केली तेच पेट्रोल रोज मिळायला हवं, नाहीतर मनमाडला अडकलास की साधं पेट्रोल भरून टर्बोची गाडी हळू चालवत घरी आणायची.

पंपावर मिळणाऱ्या ई-२० चंही गणित बदलतं. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, वीस टक्के इथेनॉल असलं की साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं. साध्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ते सांभाळून घेतो. टर्बोत, पूर्ण बूस्टवर, इंजेक्टर आधीच शेवटच्या टोकाला चालत असतील तर तीच सात-आठ टक्के तूट इंजिन लीन करते. इथेनॉलचा एक फायदाही आहे, तो आत जाताना हवा थंड करतो आणि नॉकिंगला तोंड देतो. पण फायदा घ्यायचा तर इंजेक्टर आणि पंप तेवढे मोठे हवेत. जुन्या ट्यूनवर ई-२० भरून "गाडी का ओढत नाही" म्हणून येणारे माझ्याकडे महिन्याला दोन तरी असतात.

टर्बोच्या कामात सगळ्यात जास्त दुर्लक्षित होतो तो तेलाचा परतीचा पाइप. छोट्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फिरतो, तो तेलाच्या पापुद्र्यावर तरंगत असतो. तेल दाबाने आत जातं, पण परत येतं ते नुसतं गुरुत्वाकर्षणाने. पाइप जाड हवा, सतत उताराचा हवा, चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर उघडायला हवा. गेल्या पावसाळ्यात एक गाडी आली, घाट चढून आली की मागून निळा धूर. मालकाने दोनदा टर्बो बदलला होता. मी गाडी वर घेतली, टॉर्च मारून बघितलं, तर परतीची रबरी नळी एका क्लॅम्पखाली वळून अशी दबली होती की बोटाने चाचपल्यावर कडेला घडी लागत होती. नळी बदलली, क्लॅम्प चार इंच सरकवला. टर्बोला काहीच झालं नव्हतं. आणि हेही लक्षात ठेव: कसारा घाट चढून इगतपुरीला आलास की लगेच चहासाठी गाडी बंद करू नये. मिनिट-दोन मिनिटं सावकाश चालव, मग बंद कर. तापलेल्या टर्बोत उभं राहिलेलं तेल कोळसा होतं.

सुपरचार्जरबद्दल थोडक्यात. तो इंजिनाच्या बेल्टवर चालतो, म्हणून खालपासून ताबडतोब ओढ देतो, आणि चालायला ताकद इंजिनाचीच खातो. आठ सिलिंडरच्या मोठ्या व्ही-८ इंजिनाला तो शोभतो. दीड लिटरच्या सिटीत त्याला बसायला जागा नाही, बेल्टची मांडणी बदलावी लागते, ब्रॅकेट लेथवाल्याकडून बनवून घ्यावे लागतात. अंबडमध्ये लेथवाले हुशार आहेत, ब्रॅकेट बनेल. पण बेल्ट अर्धा मिलिमीटर वाकडा चालला तरी तो पंधरा दिवसांत कातरला जातो. तुझ्यासाठी हा रस्ता मी धरतच नाही.

आता मुद्द्यावर येतो. नायट्रस की टर्बो हे ठरवताना मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो: तुला ती ताकद एका वेळी किती सेकंद हवी आहे?

पाव मैलाचा ड्रॅग तुझी गाडी सतरा-अठरा सेकंदांत संपवते. त्यात नायट्रस फार तर बारा-तेरा सेकंद चालू राहतो. नायट्रस याच कामासाठी आहे. साडेचार किलोची बाटली पन्नासच्या जेटवर ढोबळ हिशोबाने तीन मिनिटं पुरते आणि शेवटचं मिनिट दाब पडल्याने फिकंच जातं. म्हणजे दहाएक रन. थोड्या सेकंदांत इंजिनाला तापायला वेळ मिळत नाही, दोन रनमध्ये ते थंड होतं. टर्बोच्या गाडीला जी कूलिंग लागते ती इथे लागत नाही.

घाट हे वेगळं प्रकरण आहे. इगतपुरीपर्यंतचा चढ, किंवा सापुताऱ्याचा, मिनिटांचा खेळ आहे. रॅलीचा टप्पा तर दहा-पंधरा मिनिटं सलग. नाशिकजवळच्या रस्त्यांवर रॅली ऑफ महाराष्ट्र झाली तेव्हा सर्व्हिस पार्कमध्ये उभं राहून मी आलेल्या गाड्यांची बॉनेट उघडताना बघितली आहेत. बॉनेटखालून येणारी धग हाताला दोन फुटांवरून लागते. एवढा वेळ ताकद हवी असेल तर ती इंजिनाने स्वतः बनवली पाहिजे, बाटली कामाची नाही. तिथे टर्बो. पण पूर्ण टर्बो: इंटरकूलर, मोठा रेडिएटर, तेलाचा कूलर, क्लच, हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड मीटर, ट्यून करता येणारा ईसीयू. यातली एक वस्तू वगळली की बाकीच्या सगळ्यांचे पैसे धोक्यात. अडीच लाखांत हे नीट होत नाही. होतं म्हणणारा यातलं काय वगळतो आहे ते त्याला विचार.

आणि तुझा रोजचा रस्ता? गंगापूर रोड ते अंबड, मधे मायको सर्कल, त्र्यंबक नाका, जिथे असशील तिथे सिग्नल. एक दिवस मोजून बघ, पूर्ण अ‍ॅक्सिलेटर किती सेकंद दाबलास. मी माझ्या एका गिऱ्हाइकाला हे करायला लावलं होतं, त्याचे आठवडाभराचे मिळून चाळीस सेकंद भरले. समृद्धीवर १२० च्या मर्यादेला स्थिर चालायला तुझ्या गाडीला तीसेक पीएस पुरतात. बाकीचे ऐंशी तेव्हाही रिकामेच बसलेले असतात. ओव्हरटेकला कमी पडते असं वाटत असेल तर बहुतेक वेळा कारण चुकीचा गिअर असतं. व्हीटेक इंजिन चार हजारांच्या वर जागं होतं, तिसऱ्यात ओढून बघ.

कायद्याचंही स्पष्ट बोलतो, कारण पोरं हे शेवटी विचारतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने नोंदवलेल्या मूळ रचनेत मालकाला मनाने बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ बदललं: असा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. नायट्रसची बाटली म्हणजे दाबाखालचा सिलिंडर, तिला २०१६ चे गॅस सिलिंडर नियमही लागू. त्याची परवानगी देणारी पेसो ही संस्था आपल्याच राज्यात, नागपूरला मुख्यालय असलेली आहे. दवाखान्यांना नायट्रस पुरवणाऱ्याकडून गुपचूप बाटली भरून आणणारे लोक मला माहीत आहेत. त्या भरण्यात वजन कोणी बघत नाही आणि वर लिहिलेला उन्हाचा धोका तिथूनच सुरू होतो. आणि अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी बॉनेट उघडते. न कळवलेला बदल सापडला की दावा अडतो. गाडीचं नुकसान मग तुझ्या खिशातून. टर्बोला हे सगळं तितकंच लागू आहे. रस्त्यावरच्या गाडीत बाहेरून बसवलेला टर्बो कितीही सुबक असला तरी पेठ रोडच्या आरटीओच्या दारात तो बदलच आहे.

म्हणून रोजच्या रस्त्यावर बूस्ट हवा असेल तर तो कंपनीने बसवलेला घे. तिथे पिस्टन, कूलिंग, गिअरबॉक्स सगळं त्या ताकदीच्या हिशोबाने बनलेलं असतं. सिटी विकून तुझे अडीच लाख वर घातलेस तर वापरलेली १.० टीएसआयची पोलो आवाक्यात येते. ११० पीएस, पण १७५ न्यूटन-मीटर आणि तेही खालपासून. नाशिकच्या उंचीवर तुझ्या सिटीला ती घाटात मागे टाकेल. मात्र तिलाही लगेच रीमॅप करायला, म्हणजे ताकदीसाठी ईसीयूचा प्रोग्रॅम बदलायला, धावू नकोस. तिच्यात डीएसजी नाही, पण उदाहरण म्हणून बघ: फोक्सवॅगन-स्कोडाच्या कोरड्या क्लचच्या सात गिअरवाल्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे. १.८ टीएसआय ऑक्टाव्हियात कंपनीने टॉर्क बरोबर तिथेच अडवला होता. लोक इंजिनाचा रीमॅप करतात आणि सहा महिन्यांनी गिअरबॉक्स घेऊन येतात.

ड्रॅगची हौस मात्र मारू नकोस. ती चांगली हौस आहे आणि बंद धावपट्टीवर, हेल्मेट घालून, नियमाने होणाऱ्या स्पर्धेत ती पूर्ण करायला जागा आहे. तुम्ही मित्र किती जण आहात? चौघं असाल तर एक जुनी १.५ व्हीटेक सिटी, इंजिन ठीक असलेली, मिळून घ्या. ती रस्त्यावर चालवायची नाही, ट्रेलरवरून न्यायची. मागची सीट काढा, चांगले टायर घाला, पहिला हंगाम नुसत्या त्या गाडीवर लाँच करायला, म्हणजे जागेवरून नीट सुटायला, शिका. पहिल्या साठ फुटांना लागणारी वेळ सुधारली तर पन्नास एचपीइतका फरक तिथेच दिसतो. दुसऱ्या वर्षी तिच्यात ३५ चा वेट शॉट बसवू. प्रमाणित बाटली, दाबाचा मीटर, विंडो स्विच, पेट्रोलच्या दाबाचा स्विच, नवा पंप आणि नवा फिल्टर. बाटली धावपट्टीवर सावलीत ठेवायची, रन झाला की व्हॉल्व्ह बंद, घरी नेताना गाडीतून काढून उघड्या टेम्पोत उभी बांधायची. तिथे नायट्रसच योग्य. तिथे टर्बो सुचवणाऱ्याचं मी ऐकणार नाही.

हे सगळं पुढचं झालं. आत्ता तुझी सिटी ८२ हजारांची आहे. एखाद्या रविवारी सकाळी ये, इंजिन थंड असताना. आपण चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेऊ, इंजिन माउंट बघू, ब्रेकचं तेल बदलू, मागच्या टायरची तारीख वाचू. दहा वर्षांच्या गाडीत हरवलेला पिकअप निम्म्या वेळा गलिच्छ थ्रॉटल बॉडी आणि ओढून धरलेल्या ब्रेकमध्ये सापडतो. आणि यायच्या आधी प्लग बदलू नकोस, ब्रशने साफही करू नकोस. ते जसे आहेत तसेच मला हवेत. गेल्या चाळीस हजार किलोमीटरमध्ये त्या इंजिनात काय जळलं, किती जळलं, ते त्यांच्या टोकावर लिहिलेलं असतं.